कृतिदेवचं युनिकोड झालं, मराठी व्हायचं राहिलं

ई, जे, के, मोठा बी, एच. इंग्रजी कीबोर्डवर ही पाच बटणं या क्रमाने दाबा, फॉन्ट कृतिदेव ठेवा, आणि स्क्रीनवर 'मराठी' असं दिसेल. फॉन्ट बदलून एरियल केला की परत तीच पाच इंग्रजी अक्षरं. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबात तिथे मराठी कधी नव्हतंच, इंग्रजी अक्षरांवर देवनागरीची चित्रं चिकटवलेली होती आणि आपण ती चित्रं वाचत होतो. फॉन्ट आहे तोपर्यंत सगळं छान, फॉन्ट गेला की पानंच्या पानं अगम्य. सर्च होत नाही, फोनवर वाचता येत नाही, कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवलं तर समोरचा विचारतो हे काय आहे.

आमच्या इंदूरमधल्या कितीतरी मराठी घरांत आणि मंडळांत अशा फाइली पडून आहेत, म्हणून मी काही फाइली युनिकोडमधे (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) कशा आणल्या ते सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे आल्या त्या आमच्या भागातल्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिका. मंडळाचे काका (वयाने सगळ्यांत मोठे, सगळे त्यांना नुसतं काकाच म्हणतात) एका पिशवीत सीड्या घेऊन आले आणि म्हणाले, "बघ बाई, यातून काही निघतं का. छापलेले अंक आता मोजकेच उरलेत, त्यांनाही वाळवी लागायला लागलीय." स्मरणिका म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीतच आहे, अध्यक्षांचं मनोगत, जमाखर्च, देणगीदारांची यादी, सराफ्यातल्या दुकानांच्या जाहिराती. पण त्याच्या मधेमधे फार मोलाचं लेखन आहे. हुकुमचंद मिलमधे आयुष्य काढलेल्या एका आजोबांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबद्दल (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) लिहिलंय, मिल १९९१ मधे बंद पडली त्यानंतरचंही लिहिलंय. १९८४ मधे राजवाड्याला आग लागली ती गच्चीवरून बघितलेल्या एका मावशींचा लेख आहे. हे दुसरीकडे कुठे छापलेलं असेल असं मला वाटत नाही.

आता कृतिदेवच का, तर इंदूर हिंदी शहर. महाराष्ट्रात असतं तर हेच काम श्री-लिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमधे झालं असतं. इथे डीटीपीवाल्यांकडे रोजचं काम हिंदीचं, कोर्टाचे कागद, लग्नपत्रिका, कोचिंगची पत्रकं, आणि त्यांच्या बोटांना सवय हिंदी टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डची, जो कृतिदेवमधे जसाच्या तसा आहे. मराठी मजकूर आला की तोही त्याच फॉन्टमधे. ऑपरेटर हिंदीभाषक, समोर ठेवलेलं हस्ताक्षर मराठी, तिने बघून बघून अक्षर न् अक्षर उतरवलेलं. मला त्या ऑपरेटर मुलींचं खरंच कौतुक वाटतं, न येणाऱ्या भाषेत पानंच्या पानं टाइप करणं सोपं नाही.

युनिकोड तेव्हा नव्हतं का, तर होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, त्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या, आणि ती मांडणी आपल्याच इस्कीवरून म्हणजे भारतीय लिप्यांसाठी बनलेल्या कोडवरून घेतलेली. पण घरातल्या कॉम्प्युटरवर ते चालायला विंडोज २००० आणि मग एक्सपी यावं लागलं, मंगल फॉन्ट त्यातून आला. आणि छपाईचं काम होतं पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममधे, पेजमेकरला युनिकोडची देवनागरी जमायचीच नाही. २००१ मधे पेजमेकर ७ आलं आणि तेच शेवटचं, पण आमच्याकडे ते नंतरही कितीतरी वर्षं चाललं. त्यामुळे स्मरणिका वर्षानुवर्षं कृतिदेवमधेच राहिल्या.

पहिलं काम सीड्या वाचायचं. आता लॅपटॉपला ड्राइव्ह कुठे असतो, जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केटमधून यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. बऱ्याच सीड्या वाचल्या गेल्या, काही नाही. ज्या वाचल्या गेल्या त्यांत पेजमेकरच्या फाइली. लिब्रे ऑफिसचा ड्रॉ प्रोग्रॅम पेजमेकरची फाइल उघडतो हे पुष्कळांना माहीत नसतं, फुकट आहे, करून बघा. पानाची मांडणी इकडेतिकडे सरकते पण आत काय आहे ते तरी कळतं. मला मात्र फॉन्टची माहिती नीट टिकवून हवी होती (का ते पुढे सांगते) म्हणून खजुरी बाजाराजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे गेले, त्याच्या एका कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर पेजमेकर अजून चालतं. तो म्हणाला, "दीदी, कहानी-कहानी अलग से एक्सपोर्ट करनी पड़ेगी।" पेजमेकरमधे प्रत्येक लेखाची एक स्टोरी असते, ती आरटीएफ म्हणून (या फाइलीत मजकुराबरोबर त्याचा फॉन्टही नोंदलेला राहतो) बाहेर काढता येते. त्याने चहा पीत पीत सगळ्या काढून दिल्या, आणि मी सांगितलं म्हणून प्रत्येक अंकाची पीडीएफही काढून दिली. ही पीडीएफ अवश्य काढून घ्या, कारण मूळ पान कसं दिसत होतं याचा तोच एक पुरावा राहतो, पुढे प्रत्येक शंकेला तीच उघडावी लागते.

मग कन्व्हर्टर. कृतिदेव ते युनिकोड असं शोधलं की ढीगभर वेबपेजेस येतात, डावीकडे पेस्ट करा, बटण दाबा, उजवीकडे घ्या. यातली बरीचशी एकाच पद्धतीने चालतात, आत जावास्क्रिप्टमधे दोन याद्या असतात, एक कृतिदेवची आणि एक युनिकोडची, आणि एकेक जोडी घेऊन अदलाबदल करत जायचं. पेज सेव्ह करून नेट बंद करून चालवलं तरी चालतं, त्यामुळे कुणाची खाजगी पत्रं वगैरे असतील तर ती कुठल्या सर्व्हरवर न पाठवता घरातल्या घरात काम होतं. मी ती यादी उघडून वाचली आणि मला ती फार आवडली, कारण त्यात जुना टाइपरायटर जसाच्या तसा दिसतो. के हे बटण म्हणजे काना. पण तोच के म्हणजे ख, ध, श, ण यांची उभी दांडी पण. टाइपरायटरवर जागा कमी म्हणून अर्धं अक्षर एका बटणावर आणि दांडी दुसऱ्या, असं केलेलं. म्हणून यादीत ख आणि ध ची दोन-दोन बटणांची जोडी आधी यायला हवी आणि एकटा काना नंतर. क्रम उलटा झाला की ख चा पाय मोडलेला राहतो आणि पुढे काना लोंबकळतो. नुसता क्रम, पण सगळं त्याच्यावर.

पहिली वेलांटी आणि रफार हे खरे कसाला लावणारे. आपण कागदावर वेलांटी आधी काढतो, टाइपरायटरवरही ती आधी, कृतिदेवमधेही आधी. 'कि' म्हणजे आधी वेलांटीचा एफ आणि मग क चा डी. युनिकोडमधे आपण बोलतो तसं असतं, आधी क, मग वेलांटी. तेव्हा कन्व्हर्टरने वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या मागे न्यायची. साधं वाटतं, पण 'स्थिती' आली की बघा. तिथे वेलांटीच्या पुढे अर्धा स आहे आणि मग थ, वेलांटीला पूर्ण जोडाक्षर ओलांडून जायचंय. जे कन्व्हर्टर एकच अक्षर ओलांडतात त्यांच्यात अर्धा स, वेलांटी, थ असा चुराडा होतो आणि मधे तो ठिपक्यांचा गोल येतो. रफाराचं बरोबर उलटं. 'वर्षी' टाइप करताना आधी व, मग ष, मग दुसरी वेलांटी, आणि सगळ्यांत शेवटी रफार. युनिकोडला मात्र र ष च्या आधी हवा, म्हणजे रफाराला वेलांटी ओलांडून, ष ओलांडून मागे यायचंय. कुठलाही कन्व्हर्टर वापरायच्या आधी त्यात 'स्थिती' आणि 'वर्षी' हे दोन शब्द टाकून बघा, त्यावरून लगेच कळतं तो कितपत विश्वासाचा आहे.

आणि फॉन्टची माहिती का टिकवायची म्हटलं ते असं की या लेखांत मधेमधे खरं इंग्रजी पण आहे. डॉक्टरांच्या डिग्र्या, दुकानांची इंग्रजी नावं. सगळा मजकूर सरसकट कन्व्हर्टरमधे टाकला तर हे खरं इंग्रजीसुद्धा देवनागरी होऊन बसतं आणि एमबीबीएसचं काहीतरी भलतंच होतं. आरटीएफ लिब्रे ऑफिसमधे उघडून डॉक्स म्हणून सेव्ह केली, डॉक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते, तिच्या आत मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला कुठला फॉन्ट लावलाय ते लिहिलेलं असतं. मग पायथनमधे छोटा प्रोग्रॅम लिहिला, ज्या तुकड्याचा फॉन्ट कृतिदेव तेवढाच बदलायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. इथपर्यंत सगळं झालं.

आणि इथे लोक थांबतात. मला सांगायचंय ते खरं इथून पुढे, कारण बाहेर आलेला मजकूर देवनागरी होता पण अजून मराठी नव्हता.

पहिलं पान उघडलं तर 'राजवाड़ा'. ड च्या खाली नुक्ता, म्हणजे हिंदीतलं ते टिंब. 'घोड़ा', 'वेड़ा', 'पेढ़े', सगळीकडे. ऑपरेटरच्या बोटांना हिंदीची सवय, तिने तिच्या भाषेत बरोबर तेच केलं. हे सोपं आहे, नुक्ता सरसकट काढून टाकायचा, फक्त हिंदी कविता किंवा उतारे असतील ती पानं वगळायची. एक लक्षात ठेवा, नुक्त्याचा ड युनिकोडमधे दोन प्रकारे असू शकतो, एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक ड अधिक नुक्ता असा, दोन्ही शोधायला लागतात.

मग ळ. काही ठिकाणी ळ आहे, काही ठिकाणी त्याच शब्दात ल. एकाच लेखात 'होळकर' आणि 'होलकर'. 'माळवा' आणि 'मालवा'. इथे सरसकट काही करता येत नाही, कारण 'काल' आणि 'काळ' दोन्ही शब्द आहेत, 'वेल' आणि 'वेळ' दोन्ही आहेत. एक यादी केली, जे शब्द ल ने मराठीत होतच नाहीत तेवढे बदलायचे आणि उरलेले डोळ्यांनी. अहिल्याबाईंवरचा लेख मी याच कारणाने ओळ न् ओळ वाचला.

पूर्णविरामाच्या जागी दंड हे पण तसंच, हिंदीच्या सवयीने वाक्यं उभ्या दंडाने संपवलेली. गद्यात बदलून टिंब केलं. आरत्या, अभंग, श्लोक इथे मात्र दंड हवाच, तिथे हात लावायचा नाही. म्हणून लेखांच्या फाइली आणि आरत्यांच्या फाइली वेगळ्या ठेवल्या.

पण सगळ्यांत जास्त जीव लावला तो दुसऱ्या, बऱ्याच, शेतकऱ्यांना यातल्या अर्ध्या र वर. तो आडवा, छोट्या चंद्रकोरीसारखा र. आमच्या फाइलींमधे तो कुठेच नाही, सगळीकडे रफार. 'दुसर्या दिवशी', 'बर्याच जणांनी', 'येणार्या पाहुण्यांना'. हिंदीत हा र लागत नाही त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला त्याचं काही पडलेलं नसतं. आणि कितीतरी मराठी लोक पण म्हणतात, अहो कळतंय ना, जाऊ द्या. मला नाही जाऊ देता येत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, वाचताना उच्चार वेगळा होतो, रफाराने आधीच्या अक्षरावर जोर येतो आणि या र ने येत नाही. लहान मुलं हे वाचून मराठी शिकणार असतील, आणि इंदूरला शाळेत मराठी जवळजवळ मिळतच नाही म्हणजे घरातलं हेच काय ते वाचन, तर ते बरोबरच असायला हवं.

र्य सरसकट बदलता येत नाही कारण सूर्य, कार्य, मर्यादा, पर्याय, आश्चर्य, शौर्य, पर्यंत यांना रफारच हवा. मग असं केलं. पहिला नियम, 'णार्या' दिसलं की डोळे मिटून 'णाऱ्या', करणाऱ्या, देणाऱ्या, येणाऱ्या, इथे अपवाद मला अजून भेटलेला नाही आणि एवढ्यानेच मोठा ढीग उपसला गेला. दुसरा, र्ह असेल तर 'ऱ्ह', तऱ्हा, गऱ्हाणं, वऱ्हाड, कुऱ्हाड, अपवाद फक्त 'अर्हता' आणि तसले संस्कृत शब्द. तिसरा, मूळ शब्द रा किंवा री ने संपणारा असेल आणि पुढे प्रत्यय लागून र्या झालं असेल, कोपरा-कोपऱ्यात, शेतकरी-शेतकऱ्यांना, तर अर्धा र. यासाठी शब्दांची यादी हाताने वाढवत नेली. आणि उरले ते वाचून. 'आचार्यांचे आभार' असं एका अंकात आहे, ते कीर्तनाला आलेल्या आचार्यांचे की महाप्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे, हे कुठलाच प्रोग्रॅम सांगू शकणार नाही. काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं स्वयंपाकी होते ते, काय पुरणपोळी केली होती त्यांनी!" मग आचाऱ्यांचे केलं.

हा अर्धा र युनिकोडमधे पण दोन पद्धतीने लिहिला जातो, एक खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरी साधा र, पाय मोडायचा आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला सारखंच, सर्चला वेगळं. मी सगळीकडे पहिली पद्धत ठेवली. ॲ चं पण हेच दुखणं. जाहिरातींमधे ॲडव्होकेट भरपूर, कन्व्हर्टरमधून ते अ आणि वर चंद्र अशा दोन तुकड्यांत बाहेर येतं, आणि आपला मराठी कीबोर्ड मात्र अख्खा ॲ देतो, ज्याला युनिकोडमधे स्वतंत्र जागा २००८ मधे मिळाली. दोन्ही डोळ्यांना एकच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळे अख्खे ॲ करून टाकले.

जे कुणी स्वतः प्रोग्रॅम लिहिणार असतील त्यांच्यासाठी एक, पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधे शब्दाची सीमा शोधायची जी नेहमीची खूण आहे ती मराठीला चालत नाही. तिला काना, वेलांटी, मात्रा ही अक्षरं वाटतच नाहीत, त्यामुळे तिला प्रत्येक वेलांटीपाशी शब्द संपला असं वाटतं. मी स्पेस आणि विरामचिन्हांवर तोडून शब्द वेगळे केले, ते निवांत चाललं.

ज्या सीड्या वाचल्याच गेल्या नाहीत त्या वर्षांचे छापील अंक स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने मराठी निवडून ओसीआर केले, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर केला. चांगलं होतं, पण घ-ध आणि भ-म नीट तपासायला लागतात, आणि आकडे तर प्रत्येक.

फोनवर दाखवायला एक साधं वेबपेज केलं आणि त्यात भाषा मराठी आहे असं कोडमधे लिहिलं. हे लिहिणं फार गरजेचं, कारण नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमधे ल आणि श ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि पेजने सांगितलं की भाषा मराठी, तरच ती दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे ल आणि श येतात. एका शब्दाचं काम आहे, पान बघताक्षणी आपलं वाटायला लागतं.

काकांना तपासायला दिलं तर ते फोन हातात घेऊन आधी सर्चमधेच गेले आणि 'हुकुमचंद' टाकलं. वेगवेगळ्या वर्षांच्या अंकांतून त्या मिलबद्दलच्या ओळी एकाखाली एक आल्या, झांकीत कुठला देखावा होता, रात्रभर कोण कोण जागलं, पहाटे पोहे कुठे खाल्ले. मग त्यांनी आत्याला बोलावलं, आत्याने तिने बसवलेल्या एकांकिकेचं नाव टाकलं, ते दोन अंकांत निघालं आणि दोन्हीकडे साल वेगळं. त्यावर त्यांचं अजून चाललंय, मी पीडीएफ उघडून दिली आहे.

मूळ आरटीएफ, पीडीएफ आणि शेवटचा मजकूर असं तिन्ही ठेवलंय, मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमधे, कारण साधी टेक्स्ट फाइल उद्या कुठल्याही मशीनवर उघडेल. मंडळाच्या पेनड्राइव्हवर एक प्रत, काकांच्या मुलाकडे एक, माझ्याकडे एक. र्य आणि ळ च्या याद्या पण त्यातच ठेवल्या आहेत, इंदूर-देवास-उज्जैनकडच्या कुणाकडे अशा कृतिदेवच्या मराठी फाइली असतील तर त्या याद्या जशाच्या तशा कामी येतील, मागून घ्या.

आता पुण्याहून मामेबहिणीने तिच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाच्या फाइली पाठवल्यात, त्या श्री-लिपीत आहेत. तिथे नुक्ता नाही, अर्धा र व्यवस्थित आहे, ळ पण जागच्या जागी. पण कोडची मांडणी पूर्ण वेगळी, माझी यादी तिथे चालत नाही, म्हणून तिला सांगितलंय की एक छापील अंक कुरिअरने पाठव, अक्षरांशी अक्षर लावून नवी यादी करायला घेते.